अकबाच्या घाटातला शब्द

इ.स. ६३८ च्या सुमारास इराकमधले प्रांताधिकारी अबू मूसा अल-अशअरी यांनी मदिनेत खलिफा उमर यांना कळवले, की आपली पत्रे पोचतात पण त्यांवर साल नसते. कोणता हुकूम आधीचा आणि कोणता नंतरचा ते उमगत नाही. दुसऱ्या एका हकिकतीत उमर यांच्यासमोर एक रोखा येतो. मुदत शाबान महिन्याची. कोणता शाबान? सरलेला, चालू असलेला की पुढचा? मदिनेभोवतीच्या वस्त्यांपुरता कारभार होता तोवर महिन्याच्या नावावर भागत होते. शाम (सीरिया) आणि इराकपर्यंत वसुली व वाटप सुरू झाल्यावर भागेना. सल्लामसलत झाली आणि साल कोणत्या घटनेपासून मोजायचे हा प्रश्न पुढे आला.

प्रेषित मुहंमद यांचा जन्म, त्यांना झालेला पहिला दिव्य साक्षात्कार, त्यांची हिजरत आणि त्यांचे निधन, असे पर्याय चर्चेत आले. यांतला साक्षात्कार हा तर धर्माचा आरंभबिंदू. तरीही निवड झाली ती ६२२ साली मक्का सोडून यस्रिबला, म्हणजे पुढच्या मदिनेला, जाण्याची. ही सूचना प्रेषितांचे चुलतभाऊ अली यांची होती असे अनेक हकिकती सांगतात. ज्या माणसांनी हे ठरवले त्यांनी तो प्रवास स्वतः केला होता. त्यांच्या दृष्टीने काळाचे दोन तुकडे तिथे पडत होते.

मराठीत मात्र ही घटना 'पलायन' किंवा 'स्थलांतर' या दोन शब्दांत उरकली जाते. पहिला शब्द अर्धाच खरा आहे: जिवाला धोका होता, लपतछपत निघणे होते, गुहेतला मुक्काम होता. दुसरा शब्द कोरडा आहे. दोन्ही शब्दांत निघणारा दिसतो; ठेवून घेणारा दिसतच नाही. माझे म्हणणे असे, की हिजरतीचे वजन वाटेवरच्या प्रवासापेक्षा निघण्याआधी दिल्या-घेतलेल्या शब्दात आहे, आणि पोचल्यावर त्या शब्दाची जी व्यवस्था बसवली गेली तिच्यात आहे. अरबीतल्या ह-ज-र या धातूचा अर्थ संबंध तोडणे, सोडून देणे असा आहे. गझलेतला विरहवाचक 'हिज्र' त्याच धातूचा. पण नुसते तोडून कोणी टिकत नाही. तुटलेल्याला नव्याने कोणी कसे जोडून घेतले, हा खरा इतिहास आहे.

सनाबद्दलचा एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. मोहरमच्या पहिल्या तारखेला प्रेषितांनी हिजरत केली असे दरवर्षी कुठे ना कुठे वाचायला मिळते. ते बरोबर नाही. परंपरेनुसार ते मदिनेच्या वेशीवरच्या कुबा गावी पोचले १२ रबिउल अव्वलला, म्हणजे २४ सप्टेंबर ६२२ च्या सुमारास. साल तेच धरले, पण वर्षारंभ अरबांच्या रूढ पहिल्या महिन्याचाच, मोहरमचाच ठेवला. हजहून लोक परततात तो हा काळ. म्हणून सनाचा पहिला दिवस १६ जुलै ६२२ असा येतो. हे वर्ष चांद्र, ३५४ किंवा ३५५ दिवसांचे, आणि त्यात अधिक महिना घालण्यास कुराणाची मनाई. त्यामुळे ते हंगामांतून सरकत राहते. पेरणी आणि सारावसुलीला असे साल अडचणीचे. दख्खनेत त्यावर तोड निघाली ती शुहूर सनाची. इ.स. १३४४ मध्ये हिजरी ७४५ चालू असताना तोच आकडा धरून वर्ष सौर केले आणि मृग नक्षत्रापासून सुरू केले. म्हणून त्याला मृगसालही म्हणत. शिवराज्याभिषेकाच्या वर्षातल्या मराठी कागदावर 'खमस सबैन व अलफ' म्हणजे १०७५ दिसते. त्यात ५९९ मिळवले की १६७४ येतात. त्या वेळी मूळ हिजरी सन १०८५ चालू होता. मोडीतल्या त्या आकड्याची नाळ अशी यस्रिबच्या वाटेपर्यंत पोचते.

आता हमीविषयी. सातव्या शतकातल्या मक्केत राजा नव्हता, कोतवाल नव्हता, न्यायालय नव्हते. माणूस जिवंत राहायचा तो त्याच्या कुळाच्या धाकावर. कोणी त्याला मारले तर त्याचे कुळ सूड घेईल किंवा रक्तमोल म्हणजे खुनाची भरपाई मागेल, आणि परंपरेने ते शंभर उंटांचे होते. कुळाबाहेरच्याला कोणीतरी 'जिवार' म्हणजे आश्रयाची हमी द्यावी लागे. बिलाल यांच्यासारख्या गुलामाला तापल्या वाळूवर निजवून छातीवर धोंडा ठेवता आला, कारण त्याचा जाब विचारणारे कुळच नव्हते. प्रेषितांना मात्र दशकभर हात लावता आला नाही. त्यांचे काका अबू तालिब यांनी इस्लाम स्वीकारला नव्हता, तरी पुतण्यावरचे छत्र काढले नाही. बनू हाशिम कुळावरचा बहिष्कारही त्यांनी सोसला. ६१९ मध्ये पत्नी खदीजा गेल्या, अबू तालिबही गेले. कुळाची सूत्रे अबू लहबकडे आली आणि छत्र गेले. ताइफला आधार शोधायला गेले तर तिथे दगड पडले. परत मक्केत पाय ठेवायचा तर कोणाची तरी हमी हवी. ती दिली मुतइम इब्न अदी यांनी. हा गृहस्थ शेवटपर्यंत मुसलमान झाला नाही. पुढे मक्केकरांशी झालेल्या बद्रच्या लढाईतल्या कैद्यांकडे पाहून प्रेषित म्हणाले होते, की मुतइम आज असता आणि त्याने या लोकांसाठी शब्द टाकला असता तर मी यांना सोडून दिले असते.

हा सगळा हिशेब ध्यानात घेतला की कुरैशांच्या, म्हणजे मक्केतल्या प्रबळ जमातीच्या, प्रेषितांना मारण्याच्या शेवटच्या कटाची रचनाही उलगडते. प्रत्येक कुळातला एकेक तरुण निवडायचा आणि सर्वांनी एकदम वार करायचा. म्हणजे रक्त सगळ्या कुळांत वाटले जाईल, एकट्या नातेवाइकांना सगळ्यांशी लढता येणार नाही आणि रक्तमोलावर प्रकरण मिटेल. प्रेषित निसटल्यावर त्यांना पकडून देणाऱ्यास जाहीर झालेले बक्षीसही शंभर उंटांचेच होते.

मदिनेच्या आधी एक हिजरत झाली होती आणि तिच्याशी तुलना केल्याशिवाय मदिनेचे वेगळेपण कळत नाही. ६१५ च्या सुमारास काही मुसलमान तांबडा समुद्र ओलांडून हबशांच्या देशात (आजच्या इथिओपियाच्या भागात), अक्सूमच्या ख्रिस्ती राजाकडे गेले. पहिल्या तुकडीत पंधराच्या आसपास माणसे होती. नंतर ऐंशीच्या वर पुरुष, शिवाय बायका-मुले. त्यांना परत आणायला कुरैशांनी दोन वकील पाठवले. नजराण्यात मक्केचे कमावलेले कातडे होते. राजाने दोन्ही बाजू ऐकल्या, आश्रितांपैकी जाफर इब्न अबी तालिब यांच्या तोंडून कुराणातल्या मरियमच्या सूरेतला (अध्यायातला) भाग ऐकला आणि नजराणा परत केला. हा न्याय मोठाच. पण त्या राजाविरुद्ध बंड उठले तेव्हा आश्रितांच्या पोटात गोळा आला. तो हरला असता तर त्यांच्या हातात काही उरले नसते. त्या आश्रितांतल्या उम्मे सलमा यांनी ती धास्ती पुढे सांगून ठेवली आहे. यांतले शेवटचे लोक ६२८ मध्ये मदिनेला आले. तेरा वर्षांच्या त्या वास्तव्यात जीव वाचले, पण समाज उभा राहिला नाही. ते पाहुणे होते आणि एका भल्या माणसाच्या मर्जीवर होते.

यस्रिबची गोष्ट वेगळी, कारण तिथल्या लोकांनाही कोणीतरी हवे होते. यस्रिब हे एक शहर नव्हतेच. खजुराच्या बागा, मधूनमधून वाड्या आणि प्रत्येक वाडीला आपापला गढीवजा बुरूज, असा तो पसरलेला हरितपट्टा होता. औस आणि खजरज या दोन अरब जमातींचे पिढीजात वैर ६१७-१८ च्या सुमारास बुआसच्या लढाईत टोकाला गेले आणि दोन्हीकडचे पुढारी कापले गेले. तिथे कैनुका, नदीर आणि कुरैजा या ज्यू जमातीही होत्या, आणि त्याही या भांडणात वेगवेगळ्या बाजूंना ओढल्या गेलेल्या. सूडाचा हिशेब कोणालाच चुकता करता येईना. अशा वेळी तंटा तोडायला गावाबाहेरचा पंच लागतो. बुआसचा दिवस अल्लाहने आपल्या प्रेषितासाठी आधीच घडवून ठेवला होता, हे प्रेषितांच्या पत्नी हजरत आयेशा यांचे उद्गार या वास्तवाचीच कबुली देतात.

बोलणी एका रात्रीत झाली नाहीत. ६२० च्या हज-हंगामात खजरजचे सहा जण भेटले. ६२१ मध्ये बारा जण आले आणि मक्केबाहेरच्या मीनाजवळ अकबा इथे त्यांनी पहिली शपथ घेतली. अकबा म्हणजे घाट, खिंड. त्यांच्यासोबत मुसअब इब्न उमैर यांना यस्रिबला पाठवले गेले. ते शिकवायला गेले, पण त्यांच्या वर्षभराच्या मुक्कामामुळे हेही कळले की कोणती वाडी अनुकूल आहे, कोण विरोधात आहे आणि माणसे कुठे उतरवता येतील. ६२२ मध्ये ७३ पुरुष आणि दोन स्त्रिया रात्री त्याच घाटात जमल्या. तिथे झालेला सवाल-जवाब मला सगळ्या हिजरतीचा गाभा वाटतो. यस्रिबच्या अबुल हैसम यांनी सरळ विचारले: तुमच्यासाठी आम्ही इतरांशी असलेले करार मोडू, उद्या तुम्हाला यश मिळाले तर तुम्ही आम्हाला सोडून आपल्या लोकांत परत जाल का? उत्तर आले: तुमचे रक्त ते माझे रक्त, मी तुमचा आणि तुम्ही माझे. मग बारा जबाबदार मुखत्यार, 'नकीब', नेमले गेले. नऊ खजरजचे आणि तीन औसचे. आठ वर्षांनी मक्का हाती आली तेव्हा हाच प्रश्न अन्सारांच्या, म्हणजे आश्रय देणाऱ्या या मदिनेकरांच्या, मनात पुन्हा डोकावला. प्रेषित जन्मगावी राहिले नाहीत. मदिनेला परतले आणि तिथेच त्यांचे दफन झाले.

शपथ झाल्यावर पुढचे काही आठवडे माणसे लहान लहान तुकड्यांनी निघाली. एकदम निघाले असते तर अडवले गेले असते. तरीही किंमत मोजावी लागलीच. अबू सलमा निघाले तेव्हा पत्नी उम्मे सलमा यांना त्यांच्या माहेरच्या कुळाने अडवले, आणि 'बाई तुमची तर पोर आमचे' म्हणत सासरच्यांनी मूल ओढून घेतले. त्या ओढाताणीत मुलाचा हात निखळला. जवळजवळ वर्षभर त्या एकट्या होत्या. अखेर मूल परत मिळाले आणि त्या उंटावर बसून निघाल्या, तेव्हा उस्मान इब्न तल्हा या परधर्मीयाने वाटेत भेटून त्यांना कुबापर्यंत सोडले. सुहैब यांना 'कंगाल आलास, इथे श्रीमंत झालास, आता पैसा घेऊन जातोस?' असे हटकले गेले. सगळी मिळकत देऊन ते सुटले. जहश कुटुंबाचे ओस पडलेले घर अबू सुफ्यानने विकून टाकले. अय्याश यांना 'आई उन्हात बसून राहिलीय' असे सांगून मक्केच्या अबू जहलने मदिनेतून परत फिरवले आणि वाटेत बांधून घातले.

प्रेषितांचे स्वतःचे निघणे तर आखणीचा नमुना आहे. मदिना मक्केच्या उत्तरेला, पण ते आणि त्यांचे निकटचे सहकारी अबू बक्र गेले दक्षिणेला, सौर डोंगराच्या गुहेत, आणि शोधाची धग ओसरेपर्यंत तीन रात्री तिथेच राहिले. अबू बक्र यांचा मुलगा अब्दुल्लाह दिवसा गावात बातम्या ऐकून रात्री येई, कन्या अस्मा शिधा पोचवी, आमिर इब्न फुहैरा पायांच्या खुणा पुसाव्यात म्हणून त्यांवरून मेंढरे हाकी. दोन उंटिणी आधीपासून चारून तयार ठेवल्या होत्या, आणि आपल्या उंटिणीची किंमत देण्याचा आग्रह प्रेषितांनी धरला. वाटाड्या होता अब्दुल्लाह इब्न उरैकित. तोही मुसलमान नव्हता. आडवाटा जाणणारा आणि शब्दाला जागणारा होता, म्हणून निवडला. मागे अली थांबले, कारण मक्केतल्या लोकांच्या ठेवी प्रेषितांकडे होत्या आणि त्या ज्याच्या त्याला परत करायच्या होत्या. याला कोणी नुसते पलायन म्हणावे याचे वाईट वाटते. पळणारा ठेवी परत करायला माणूस ठेवत नाही.

मदिनेतली पहिली अडचण होती हवापाण्याची. मक्केची कोरडी हवा सोसलेल्या या माणसांना इथला ताप बाधला. अबू बक्र आणि बिलाल दोघेही अंथरुणाला खिळले. तापात बिलाल मक्केच्या खोऱ्यातल्या इजखिर आणि जलील या गवतांची आठवण काढत. दुसरी अडचण पोटाची. मक्का हे व्यापाऱ्यांचे गाव, तिथे शेती नाही. मदिनेत सारे खजुरावर. नर फुलोऱ्याचे पराग मादी झाडाच्या फुलोऱ्यात हाताने घातल्याशिवाय खजूर नीट धरत नाही, ही तिथल्या माळ्यांची रोजची विद्या मक्केकरांना नवी होती. प्रेषितांनी हे काम पाहून 'याचा काही उपयोग होईलसे वाटत नाही' असे म्हटले. लोकांनी ते सोडले आणि पीक घटले. तेव्हा ते म्हणाले, तुमच्या संसारातल्या गोष्टी तुम्हीच जास्त जाणता. हदीसच्या सर्वांत विश्वसनीय संग्रहांपैकी एकात ही नोंद जपली गेली आहे.

अशा माणसांना सामावून घ्यायचे कसे? अन्सार म्हणाले, आमच्या बागा अर्ध्या वाटून द्या. प्रेषितांनी ते नाकारले. जमीन अन्सारांचीच राहिली. मुहाजिरांनी, म्हणजे हिजरत करून आलेल्यांनी, कामात हात लावायचा आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा असे ठरले. काही झाडे वापरापुरती दिली गेली. ६२५ मध्ये बनू नदीर ही ज्यू जमात हद्दपार झाल्यावर त्यांच्या जमिनी बहुतांशी मुहाजिरांना मिळाल्या, आणि ६२८ मध्ये अरबस्तानातले खैबर जिंकल्यानंतर त्यांनी अन्सारांची झाडे परत केली. मदत मुदतीची होती आणि मालकी धूसर झाली नाही. मला हा या व्यवस्थेतला सर्वांत शहाणा भाग वाटतो. त्याआधीच 'मुआखात' झाली होती: एक मुहाजिर आणि एक अन्सार अशा जोड्या लावून भाऊपण ठरवले गेले, अगदी एकमेकांच्या वारसाहक्कापर्यंत. बद्रनंतर मुहाजिर जरा सावरले तेव्हा वारसा पुन्हा रक्ताच्या नात्याकडे गेला. साद इब्न रबीअ यांनी आपले भाऊ अब्दुर्रहमान इब्न औफ यांना अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी आशीर्वाद दिला आणि विचारले, बाजार कुठे आहे? कैनुकांच्या बाजारात लोणी आणि वाळवलेले दही विकून त्यांनी सुरुवात केली. ज्यांचे कोणीच नव्हते ते मशिदीच्या ओसरीत, 'सुफ्फा'वर राहिले. मशिदीची जागा दोन अनाथ मुलांची, खजूर वाळवायचे खळे होते. ते लोक फुकट द्यायला तयार होते, तरी किंमत देऊन घेतली. भार किती होता याचा अंदाज बद्रच्या यादीवरून येतो: ३१४ पैकी ८३ मुहाजिर, बाकी औस आणि खजरज.

मग तो लेखी करार, ज्याला मदिनेची सनद म्हणतात. तो इब्न इसहाक यांच्या चरित्रग्रंथातून आपल्यापर्यंत आला आहे आणि अभ्यासक त्याची साधारण ४७ कलमे पाडतात. जो कोणी हिजरतीचे राजकीय महत्त्व विचारतो त्याने आधी यादीचा क्रम पाहावा. रक्तमोल कोणी कसे भरायचे आणि कैदी कोणी सोडवायचे हे सांगताना पहिले नाव येते 'कुरैशी मुहाजिर', आणि मग औस-खजरजची आठ कुळे. म्हणजे मक्केच्या वेगवेगळ्या घराण्यांतून तुटून आलेल्यांना मदिनेच्या हिशेबात एक कूळ म्हणून जागा दिली गेली. जन्माऐवजी हिजरतीने घडलेले कूळ! त्या समाजात याआधी असे काही ऐकिवात नसावे. पुढे म्हटले आहे, की श्रद्धावंतांतला अगदी लहानातला लहान माणूसही सर्वांच्या वतीने आश्रयाची हमी देऊ शकेल. कर्जाने पिचलेल्याला रक्तमोल किंवा खंडणी भरताना एकटे सोडायचे नाही. शेजारी हा आपल्यासारखाच. यस्रिबचे खोरे करारातल्या सर्वांना सुरक्षित क्षेत्र. बनू औफचे ज्यू श्रद्धावंतांसोबत एक समुदाय. ज्यूंना त्यांचा धर्म, मुसलमानांना त्यांचा. मक्केत जी हमी अबू तालिब किंवा मुतइमसारख्या एकेका वजनदार माणसाच्या हाती होती, ती इथे सगळ्या समुदायाने सगळ्यांना दिली.

या सनदेला जगातली पहिली धर्मनिरपेक्ष राज्यघटना म्हणून मिरवणे मला पटत नाही. तो काळ, ती भाषा, तो उद्देश वेगळा होता. शिवाय पुढची पाने वाचावीच लागतात. कैनुका ६२४ मध्ये आणि नदीर ६२५ मध्ये हद्दपार झाले; ६२७ मध्ये मदिनेला पडलेल्या खंदकाच्या वेढ्यानंतर करारभंगाच्या आरोपावरून कुरैजांच्या पुरुषांना ठार केले गेले आणि बायका-मुलांना गुलाम केले गेले. या तीन जमातींची नावे सनदेच्या यादीत स्वतंत्रपणे येत नाहीत, यावर अभ्यासकांत वाद आहे. पण करार सर्वांना धरून ठेवू शकला नाही, हे सनदेचे कौतुक करणाऱ्याने लपवू नये. तसेच, केवळ हा शेवट सांगून आधीची कलमे गिळणाऱ्यानेही आपण इतिहास सांगतो असे म्हणू नये.

मुहाजिर आणि अन्सार यांच्यातही सारे गोडीगुलाबीचे नव्हते. ६२७ च्या सुमारास मुरैसी विहिरीवर पाणी भरताना दोन्हीकडच्या माणसांची हातघाई झाली आणि खजरजचा पुढारी अब्दुल्लाह इब्न उबय्य म्हणाला, मदिनेला परतलो की बलवान दुबळ्याला हाकलून देईल. ६३० मध्ये हुनैनच्या लढाईतली लूट मक्केच्या नव्या मुसलमानांना भरभरून वाटली गेली तेव्हा अन्सार दुखावले. प्रेषितांनी त्यांना वेगळे बोलावून सांगितले: लोक उंट-मेंढ्या घेऊन जातील आणि तुम्ही अल्लाहच्या प्रेषिताला घरी न्याल, हिजरत नसती तर मी अन्सारांतलाच एक असतो. ६३२ मध्ये त्यांच्या निधनानंतर सकीफा बनू साइदाच्या मांडवात अन्सारांनी 'एक अमीर आमचा, एक तुमचा' अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही. ज्यांनी घर दिले त्यांना गादी मिळाली नाही, आणि माझ्या मते आरंभीच्या इस्लामच्या इतिहासातले हे ऋण फेडायचे राहिले.

कराराला किती मान होता हे कुराणाच्या आठव्या सूरेतली बहात्तरावी आयत सांगते. जे श्रद्धावंत झाले पण हिजरत करून आले नाहीत, त्यांच्या संरक्षणाची जबाबदारी तुमच्यावर नाही. धर्मासाठी मदत मागितली तर द्या, पण ज्यांच्याशी तुमचा करार आहे त्यांच्याविरुद्ध नाही. समानधर्मीयाच्या हाकेपेक्षाही दिलेला शब्द वरचा! कुरैशांशी झालेल्या ६२८ च्या हुदैबियाच्या तहात याची कसोटी लागली. मक्केहून पालकाच्या संमतीशिवाय आलेल्याला परत पाठवायचे असे कलम होते, आणि तह होत असतानाच अबू जंदल बेड्या ओढत आले. त्यांना परत धाडावे लागले. पुढे अबू बसीर समुद्रकाठी जाऊन राहिले, अबू जंदलसारखे निसटलेले त्यांना मिळाले आणि कुरैशांचे तांडे लुटले जाऊ लागले. शेवटी कुरैशांनीच ते कलम सोडून दिले. स्त्रियांना मात्र परत पाठवले गेले नाही. उम्मे कुल्सूम बिन्त उक्बा यांना न्यायला भाऊ आले तेव्हा साठाव्या सूरेतली दहावी आयत आधार झाली: आलेल्या स्त्रियांची विचारपूस करा, त्या खऱ्या असतील तर परत करू नका, पण त्यांच्या पतींनी खर्च केलेला मेहर त्यांना परत द्या. माणूस परत नाही, रक्कम परत. चौदा शतकांपूर्वीच्या समाजात एका स्त्रीचा निघून येण्याचा हक्क इतक्या व्यवहारी बारकाईने मान्य होतो, याकडे मराठी वाचकाचे लक्ष जायला हवे.

मक्का मिळाल्यावर 'आता विजयानंतर हिजरत नाही' असे प्रेषितांनी जाहीर केले. काम झाले होते. तरी मान उरला. उमर यांनी आद्य मुहाजिरांना चार हजारांचे वेतन लावले आणि स्वतःच्या मुलाला साडेतीन हजार. कारण काय, तर त्याला आईबापांनी आणले होते, तो स्वतःहून निघालेल्याच्या बरोबरीचा नाही. बसरा, कूफा, फुस्तात ही छावणी-नगरे वसली आणि तिथे जाऊन नाव नोंदवणे हीच हिजरत ठरली. मिसरमधल्या (इजिप्तमधल्या) हेराक्लिओपोलिसची हिजरी २२ ची, म्हणजे ६४३ ची, ६५ मेंढ्यांची ग्रीक-अरबी पावती आज उपलब्ध आहे. तिच्यात या नव्या राज्यकर्त्यांना 'मागारिताय' म्हटले आहे. बहुतेक अभ्यासक हे मुहाजिर शब्दाचेच ग्रीक रूप मानतात. जगाने त्यांना आधी ओळखले ते निघून आलेले लोक म्हणून. आणि मग ७०० च्या सुमारास इराकचा सुभेदार हज्जाज याच्या काळात चित्र फिरले. शेतकरी इस्लाम स्वीकारून गाव सोडून बसऱ्याला येऊ लागले, जमिनीचा सारा बुडू लागला. त्याने त्यांना हुसकून गावी पाठवले, हातावर गावाचे नाव उमटवून पाठवले असेही जुने ग्रंथ सांगतात. मुहाजिरांच्या वारसांनी नव्या मुहाजिरांना दार बंद केले होते.

शब्दाची पुण्याई मोठी असली की तो संदर्भ सोडून वापरला जातो. १९२० मध्ये खिलाफत चळवळीच्या भरात काही उलेमांनी ब्रिटिश हिंदुस्थानातून हिजरत करण्याची हाक दिली. अफगाणिस्तानचे अमीर अमानुल्लाह यांनी स्वागताचे शब्द काढले होते. सिंध आणि सरहद्द प्रांतातून हजारो माणसे बैलगाड्यांतून आणि पायी खैबर खिंडीकडे निघाली. खान अब्दुल गफार खानही काबूलला गेले. पण तिथे आधी वर्षभर राहून वाड्या-वस्त्या पाहून आलेला मुसअब कोणी नव्हता, बारा नकीब नव्हते, कोणाच्या बागेत कोण राबेल आणि पीक कसे वाटले जाईल हे ठरलेले नव्हते. गरीब देशाला तो भार पेलेना. ऑगस्टमध्येच अमीरांनी लोंढा थांबवला आणि बहुतेक माणसे आल्या वाटेने फिरली. ऊन, तहान आणि आजाराने वाटेत कित्येक दगावली. घरी पोचलेल्यांनी पाहिले, तर निघताना मातीमोल विकलेली जमीन आणि गुरे आता दुसऱ्यांची होती.